सम्प, स्किमर आणि जाणारी वीज: घरच्या रीफ टाकीच्या प्लंबिंगचा १४ महिन्यांचा अनुभव

समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या माझ्या रीफ टाकीत पाणी भरून चार आठवडे झाले होते. मेचा शेवटचा आठवडा होता. रात्री साडेअकराला वीज कडाडली आणि फोंड्यातला आमचा सगळा भाग अंधारात गेला. टॉर्च घेऊन टाकीजवळ गेले, तर कपाटाखालून खारं पाणी फरशीवर पसरत होतं. एकही जोड सुटला नव्हता, कुठे गळतीही नव्हती. पाइप मी नीट चिकटवले होते, पण पाण्याचा हिशोब करायचा राहिला होता.

टाकीत तेव्हा मासे नव्हते, बॅक्टेरियाची वाढ चालू होती, म्हणून निभावलं. टाकी घेण्याआधी मला लाइट कोणता, स्किमर (फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र) कोणता यावर भरपूर सल्ले मिळाले. पंप बंद पडल्यावर पाणी कुठे जाईल, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आज माझं ठाम मत आहे की सगळं प्लंबिंग याच एका प्रश्नापासून आखायला घ्यावं. गोव्यात तर नक्कीच.

आधी मांडणी सांगते. वरची टाकी ४८ × १८ × १८ इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर. खाली कपाटात सम्प, म्हणजे फिल्टर आणि पंप असलेली दुसरी टाकी, ३० × १५ × १५ इंचांचा, सुमारे ११० लिटरचा. टाकीच्या मागच्या काचेला ओव्हरफ्लोची पेटी आहे, वरून सांडणारं पाणी तिच्यात येतं. तिथून पाणी सम्पमध्ये पडतं, फिल्टरच्या मोज्यातून आणि स्किमरमधून फिरतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. टाकीत फक्त सॉफ्ट कोरल आहेत: झोआ, मशरूम आणि एक लेदर. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे समुद्रातून उचलून आणलेला तुकडा घरात ठेवायचा प्रश्नच येत नाही. खडकही मी कृत्रिम, सिरॅमिकचा घेतला.

आता तो राहिलेला हिशोब. पंप थांबला की वर चढणारा पाइपच सायफन होतो आणि टाकीतलं पाणी उलट खाली ओढतो. टाकीत पाणी सोडणाऱ्या तोटीचं तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत हे चालतं. माझी तोटी पाण्याच्या पातळीखाली तीन इंच होती. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर, तेव्हा तीन इंचांचे ४२ लिटर. त्यात ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपांमधलं चार-पाच लिटर धरा. सम्प नऊ इंच भरलेला असायचा, वर सहा इंच मोकळे, म्हणजे जेमतेम ४४ लिटरची जागा. त्यातली काही जागा स्किमरनेच अडवलेली. वरचं उरलेलं पाणी फरशीवर येणारच होतं.

दुसऱ्या दिवशी तोटी वर घेतली. आता ती पातळीखाली पाऊण ते एक इंच असते. वीज गेली की सम्पमध्ये जेमतेम वीस लिटर येतात आणि पातळी साडेअकरा-बारा इंचांवर थांबते. गेल्या १४ महिन्यांत वीज किती वेळा गेली ते मी मोजलं नाही, पण फरशी पुन्हा ओली झाली नाही. तोटीच्या एल्बोला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोकही पाडलंय, म्हणजे हवा लवकर शिरते. त्यावर एकट्यावर मात्र विसंबू नका, कारण शेवाळ ते महिन्याभरात बुजवतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच. मी तो बसवला होता. पाच महिन्यांनी काढून पाहिला, तर झडपेवर चुन्याचा थर आणि किड्यांच्या नळ्या चिकटलेल्या, झडप अर्धी उघडीच राहिलेली. पुन्हा बसवला नाही.

नवीन कुणी टाकी भरत असेल तर मासे आणण्याआधी पंपाचा स्विच मुद्दाम बंद करून पाहा. एकदा नव्हे, तीनदा. आणि पुन्हा चालू करतानाही समोर उभे राहा.

पाइप विकत घेताना माझा पूर्ण एक शनिवार गेला. आपल्याकडे घरगुती यूपीव्हीसीचा एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर असतो. ऑनलाइन मागवलेले बल्कहेड (काचेच्या भोकात बसणारे पाइपाचे जोड) मेट्रिक मापाचे, ३२ मिलिमीटरच्या पाइपसाठी बनवलेले. दिसायला दोन्ही सारखे, हातात घेऊनही फरक कळत नाही, पण एकात दुसरा जात नाही. पाऊण इंचालाही हेच: इकडे २६.७, तिकडे २५. कुणीतरी पाइप घासून बसवायचं सुचवलं होतं, ते करू नका. असा जोड पहिले सहा महिने धरतो आणि नंतर मिठाची पांढरी रेघ दाखवायला लागतो. मी बल्कहेड बदलून घेतले. एक तर सगळं मेट्रिक घ्या किंवा सगळं इंची घ्या, आणि बल्कहेड हातात आल्याशिवाय काचेला भोक पाडून घेऊ नका.

व्हॉल्व्हवरून आमच्या प्लंबरशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, "पितळेचो घालूंया बाय, जल्मभर तिगतलो." घराच्या नळाला तो नक्कीच टिकेल. पण पितळेत तांबं असतं, खारं पाणी ते हळूहळू सोडवतं आणि तांबं हे कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांच्यासाठी विष आहे, अगदी थोडं असलं तरी. म्हणून पितळ, तांबं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) यांतलं काहीच पाण्याला लागू द्यायचं नाही. आटे असलेल्या जोडांना टेफ्लॉन टेप पुरते, धागा आणि सफेदा नको. त्याने शेवटी ऐकलं आणि काम फार स्वच्छ करून दिलं, हेही सांगायला हवं. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर पूर्ण एक दिवस थांबलो, मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन काढलं.

खाली येणाऱ्या पाइपाला प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह घ्या. स्थानिक दुकानात तो सहसा मिळत नाही, मागवावा लागतो, पण थांबणं परवडलं. माझ्याकडे खाली येणारे दोन पाइप आहेत. एक मुख्य, व्हॉल्व्हने आवळलेला, त्यामुळे तो हवेशिवाय पूर्ण भरून वाहतो. दुसरा आणीबाणीचा, त्याचं तोंड जरा वर, त्यातून एरवी नुसती धार ओघळते. मुख्य पाइपात गोगलगाय अडकली तर सगळं पाणी दुसऱ्यातून जातं. हे एकदा झालंय, आणि मला ते गुळगुळ आवाजावरूनच कळलं. सुरुवातीला बॉल व्हॉल्व्ह लावला होता. तो केसभर फिरवला तरी पातळी दोन इंच हलायची. गेट व्हॉल्व्हला चार-पाच आटे फिरवून नेमकी जागा सापडते. हॉलमध्येच आईची खाट आहे, त्यामुळे टाकीचा आवाज बंद होणं आमच्यासाठी महत्त्वाचं होतं. आता शेजारी बसूनही पाण्याचा आवाज येत नाही.

पंपाच्या डब्यावर तासाला ४००० लिटर लिहिलेलं आहे. मी तोटीखाली दहा लिटरची बादली धरली, ती भरायला १८ सेकंद लागले. म्हणजे तासाला २००० लिटर. साडेचार फूट उंची, तीन एल्बो आणि एक व्हॉल्व्ह यात निम्मा जोर जातो. माझ्या टाकीला तेवढा प्रवाह पुरेसा आहे, आत पाणी ढवळणारा वेगळा वेव्हमेकर आहेच. पण डब्यावरचा आकडा धरून छोटा पंप घेतला असता तर पस्तावले असते. एका ठिकाणी तीव्र एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावले असते तर आणखी थोडा प्रवाह मिळाला असता.

पंप दर तीन महिन्यांनी काढून पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवावा लागतो, चुना जमतो. त्यासाठी युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, हवीच. मी ती लावली, पण व्हॉल्व्ह तिच्या खाली घेतला. युनियन उघडली की वरच्या पाइपातलं सगळं पाणी मनगटावरून कपाटात. व्हॉल्व्ह युनियनच्या वर हवा. डिसेंबरमध्ये तो पाइप कापून पुन्हा जोडला. त्याच वेळी एक टी काढून बॉल व्हॉल्व्ह लावला आणि त्याला नळी जोडली. आता पाणी बदलताना पंपच जुनं पाणी न्हाणीघरात पोचवतो. दर पंधरवड्याला चाळीस लिटर उचलणाऱ्या कमरेला याचं महत्त्व विचारा.

स्किमरबद्दल मी समाधानी आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि विरघळलेली घाण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वर येते. पण त्याच्या कप्प्यातली पातळी स्थिर हवी, एका इंचाचा फरकही त्याला चालत नाही. म्हणून मधल्या काचा उंचीचा नीट विचार करून बसवा. बाष्पीभवनाचा चढउतार फक्त पंपाच्या शेवटच्या कप्प्यात दिसला पाहिजे. जुलैत एक वेगळीच गोष्ट कळली. पावसामुळे खिडक्या बंद, घरात आम्ही पाच जण, आणि पीएच ७.८ वर अडकलेला. बंद घरात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि स्किमर तीच हवा पाण्यात घुसळत असतो. स्किमरची हवेची नळी खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली, तर पीएच ८ च्या वर गेला. खर्च फक्त सहा फूट नळीचा.

फिल्टरचा मोजा दर तीन-चार दिवसांनी बदलते. आठवडाभर तसाच ठेवला तर त्यातली घाण कुजते आणि नायट्रेट चढतो.

आता पाणी. "एवढा समुद्र जवळ असताना मीठ विकत कशाला?" हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मिरामारला मांडवी मिळते. पावसाळ्यात नदीचं गढूळ गोडं पाणी किनाऱ्यालगतचा खारेपणा खाली आणतं, बोटींचं तेल वेगळंच. मला वर्षभर १.०२५ ते १.०२६ घनता हवी. म्हणून शुद्ध पाण्यात कृत्रिम मीठ, चाळीस लिटरला साधारण दीड किलो. शुद्ध पाण्यासाठी चार टप्प्यांचा आरओ-डीआय लावला: गाळ, कार्बन, मेम्ब्रेन, रेझिन. नळाचं पाणी तसं मऊ आहे, पण पावसाळ्यात गाळाची काडतुसं तीन आठवड्यांत तपकिरी होतात, उन्हाळ्यात तीच तीन महिने जातात. स्वयंपाकघरातला प्युरिफायर या कामाला वापरू नका. तो चवीसाठी क्षार परत मिसळतो आणि हल्ली बऱ्याच मॉडेलांत तर मुद्दाम तांबं सोडतात.

उष्णतेचा भाग महागडा निघाला. पहिल्या मेमध्ये पंखे लावले होते. पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो, पण हवाच दमट असेल तर वाफ होणार कुठे? पाणी ३१ अंशांवर. शेवटी पाणी थंड करणारा चिलर घेतला, तो २६ वर धरतो. त्याची जागा आधी ठरवली असती तर पाइप इतके वळवावे लागले नसते. तो कपाटात कोंडू नका, गरम हवा बाहेर जायला वाट लागते.

चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही पाच दिवस पेडण्याला मूळ घरी होतो. वाफेची भरपाई करणारा छोटा पंप वीस लिटरच्या डब्यातून गोडं पाणी घालत होता. तिसऱ्या दिवशी चार तास वीज नव्हती, असं शेजारच्या काकींनी फोनवर सांगितलं. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे, त्याने पाणी ढवळत ठेवलं. अशा वेळी माशांना प्राणवायू पुरणं सगळ्यात आधी. परत आलो तेव्हा दोन्ही क्लाउनफिश काचेला येऊन भिडले. त्या क्षणी मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

दोन गोष्टी विजेबद्दल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय टाकीला प्लग लावू नका. आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच टपकेल.

कपाट साध्या प्लायचं घेतलं ही चूक अजून भोगतेय. त्या रात्रीच्या पाण्याने खालची कड फुगली आणि दर पावसाळ्यात आणखी फुगते. सुताराशी बोलणं झालंय. यंदा चवथीनंतर ७१० ग्रेडच्या मरीन प्लायचं नवीन कपाट येईल, आधीच्यापेक्षा चार इंच उंच. स्किमरचा कप वर उचलून काढायला आत्ता जागाच उरत नाही.