ओढ्याचं पाणी: उकळायचं, गाळायचं की गोळी टाकायची?

सॅकमध्ये एकच वस्तू टाकायची असेल तर क्लोरीनच्या गोळ्या टाका. दर शनिवार-रविवारी गडावर असाल तर फिल्टरही घ्या, पण गोळ्या सोडू नका.

पिशवी पिळून वापरायच्या फिल्टरची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची. जुलाबाचे जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी त्यात अडकतात. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ईचे विषाणू मात्र ०.०३ मायक्रॉनच्या आसपास, ते सरळ पार होतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला वाडी असेल तर हा धोका खरा आहे, आणि ‘फिल्टर आहे ना’ म्हणत तिथेच बाटली भरणारे पाहिले की जीव कासावीस होतो.

गोळीचं नेमकं उलट. जिवाणू, विषाणू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम तगतो. म्हणूनच दोन्ही मिळून जोडी जमते. गोळीला किमान अर्धा तास द्या, पाणी गार असेल तर त्याहून जास्त. श्रावणातलं तांबडं पाणी तसंच घेऊ नका, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. पंचाची चौपदरी घडी करून गाळा, थोडं निवळू द्या, मग गोळी. ती विरघळली की झाकण किंचित सैल करून बाटली तिरपी करा आणि थोडं पाणी आट्यांवरून ओघळू द्या. तिथं अडकलेले कच्च्या पाण्याचे थेंबच पहिल्या घोटाबरोबर तोंडात जातात. वासाची सवय होते.

उकळणं सगळ्यांत खात्रीचं, जिवाणू, विषाणू, परजीवी तिन्ही मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईही १६४६ मीटरच. अडचण गॅसची आणि पाणी निवण्याची, त्यामुळे हे मुक्कामाचं काम: रात्री उकळून सकाळी बाटल्या भरायच्या.

पाण्यात बुडवून जंतू मारायचं अतिनील किरणांचं पेन गढूळ पाण्यात कुचकामी, शिवाय बॅटरीवर अवलंबून. पावसाळी ट्रेकला मी ते सुचवणार नाही.

शेतात फवारलेलं औषध यातल्या कशानेच भरवशानं जात नाही. पाणी शेतांच्या वरच्या अंगालाच भरा.

हिमालयात जाणार असाल तर एकदा वापरलेला फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की गाळणाऱ्या बारीक नळ्यांना तडे जातात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत.