साडेतीन किलोचा मुद्गल: दहा महिने रोज फिरवल्यानंतर

मागच्या नोव्हेंबरात मुद्गल, म्हणजे व्यायामासाठी फिरवायचा लाकडी सोटा, घेतला, आता सप्टेंबर संपत आलाय. मधले तापाचे नऊ दिवस आणि गावच्या जत्रेचे तीन दिवस सोडले तर तो रोज हातात घेतला आहे. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर कुणी घेऊ नका असं लिहिलं असतं. म्हणून थांबलो.

मी बेचाळीस वर्षांचा. राहायला कोल्हापुरात, काम हिशेबाचं, दिवसाचे नऊ तास कॉम्प्युटरसमोर. उजवा खांदा दीड वर्ष धरला होता. शर्ट घालताना मी आधी उजवा हात घालतो आणि मग अंग वाकडं करून डावा, हे बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, मोठी दुखापत नाही, हालचाल हळूहळू वाढवा म्हणाले. खांदा धरला तो जिममध्ये. दर आठवड्याला वजन वाढलंच पाहिजे या हट्टापायी, दुखत असताना रेटल्यामुळे. आपल्या वयाच्या पुरुषांना मोबाईलवर जे सल्ले मिळतात त्यांचा सूर एकच असतो: आणखी जड उचला, आणखी लवकर उठा, आणखी गार पाण्याने अंघोळ करा. मी त्यातलं बरंच मनापासून केलं. पहाटे चारला उठून दिवसभर पेंगलो आणि संध्याकाळी पोरावर ओरडलो.

पहिला मुद्गल ऑनलाइन मागवला, आठ किलोचा. फोटोत देखणा दिसत होता. आला तेव्हा मुठीला जाड चकचकीत पॉलिश होतं, घामेजल्या हातातून सरळ सटकायचं. पंधराव्या दिवशी मूठ जिथे मुख्य ठोकळ्यात बसवली होती तिथे केसाएवढी चीर दिसली. जोडकाम होतं, आत नुसतं डिंकावर धरलेलं. आठ किलोचं लाकूड डोक्यावरून फिरत असताना मूठ हातात राहिली असती तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. घेणाऱ्यांनी एवढं एक बघाच: मूठ आणि डोकं एकाच लाकडातून कातलेलं हवं.

मग पेठेतल्या तालमीत गेलो. लहानपणी वडिलांबरोबर जायचो, नंतर वीस वर्षं पाय ठेवला नव्हता. तिथले वस्ताद सत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझा हात वर घ्यायला लावला, कुठे अडतो ते बघितलं आणि म्हणाले, "साडेतीन किलोच्या वर नको." मला ते मनातून लागलं. कोपऱ्यात वीस-वीस किलोचे करेल, म्हणजे जड मुद्गल, उभे, शेजारी सोळा वर्षांचं पोरगं दहा किलोचा भिरकावतंय, आणि मला साडेतीन. पण त्यांच्या सांगण्यावरून लाकूड कातणारा कातारी गाठला. सागवानाचा, एकसंध, दोन फुटांच्या आसपास, मूठ माझ्या पंजाच्या मापाची, पॉलिश अजिबात नाही. अकराशे रुपये पडले. बाभळीचा याच मापात केला असता तर जड झाला असता, सागवान हलकं म्हणून ते घेतलं.

आता फिरवण्याबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. मुद्गल छातीसमोर उभा धरायचा, कोपर अंगाजवळ. तिथून खांद्यावरून पाठीमागे सोडायचा. तो पाठीमागे लंबकासारखा झुलतो, दुसऱ्या खांद्याकडून वर येतो आणि पुन्हा छातीसमोर उभा राहतो. साडेतीन किलोचं डंबेल मुठीतच असतं, मुद्गलाचं वजन मात्र मुठीपासून दूर, टोकाकडे. म्हणून तो पाठीमागे सर्वांत खाली जातो त्या क्षणी खांदा सांध्यातून हलकेच खाली ओढल्यासारखा मोकळा होतो, आणि समोर आणून थांबवताना मनगट, दंड, पोट सगळ्यांना काम लागतं. मी पहिले दोन महिने तो हाताने ओढत होतो. पाठीला लाकूड घासायचं, मनगट दुखायचं. तिसऱ्या महिन्यात मनगट एवढं सुजलं की सोडून द्यावंसं वाटलं. वस्तादांनी एक दिवस मागे उभं राहून नुसतं ऐकलं. बघितलं नाही, ऐकलं. मुद्गलाचं टोक पाठीवर टेकल्याचा थप् असा आवाज येत होता. म्हणाले, "बाळा, ओढू नगंस. त्येला पडू दे. तू फकस्त वाट दे."

आठ दिवस फक्त दहा-दहा वेळा केलं, डोळे मिटून, श्वास मोजत. मागे सोडताना श्वास बाहेर, वर आणताना आत. आवाज बंद झाला तेव्हा मनगटही शांत झालं. कंबर मागे वाकवून वेग घ्यायची सवय मोडायला आणखी महिना लागला. ती मोडली नाही तर खांद्याऐवजी कंबर जाईल, हे लक्षात ठेवा.

आज दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास, असे चार फेरे. मध्ये पंचवीस बैठका, कारण मुद्गलाने पायांना व्यायाम होत नाही. एकूण वीस-बावीस मिनिटं. घरात पंखा आडवा येतो, म्हणून गच्चीवर. पावसाळ्यात जिन्याखाली जागा काढली, तिथे छत नीट मोजून घेतलं. जुलैत लाकूड दमट होऊन मूठ खरखरीत झाली, तेव्हा बारीक पॉलिशपेपर मारून जवसाचं तेल दिलं. दोन दिवस उन्हाची वाट बघावी लागली, बाकी देखभाल काही नाही.

खांदा आता पूर्ण वर जातो. माळ्यावरचा पिठाचा डबा उजव्या हाताने काढतो, शर्ट सरळ घालतो. दुपारी चारनंतर मानेत जो खिळा ठोकल्यासारखा ठणका असायचा तो फेब्रुवारीपासून नाही. वजन मात्र चौऱ्याऐंशीवरून ब्याऐंशी, म्हणजे फारसं हललं नाही. पोट कमी करायला कुणी मुद्गल घेत असेल तर त्याने जेवणाकडे बघावं. दंडांचा आकारही जिमसारखा आलेला नाही. पकड आणि झोप, या दोन्ही मात्र मला अपेक्षा नव्हती एवढ्या सुधारल्या.

एक गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून हा व्यायाम उचलला, सैन्यात आणि शाळांत नेला, आणि नेताना मुद्गल हलके केले. पुढे १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या प्रकारांत मुद्गल फिरवण्याच्या स्पर्धा झाल्या. तिथे बघत होते ते लय आणि सफाई. आपल्या तालमींत जड मुद्गल पैलवानासाठी आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण त्याला समोरचा माणूस उचलायचा असतो. मला लॅपटॉपची बॅग उचलायची असते आणि म्हातारपणी आईला खुर्चीतून उठवायचं असतं.

घ्यायचा असेल तर तीन-साडेतीन किलोच्या वर सुरुवात करू नका, पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिले पंधरा दिवस जाणत्या माणसासमोर फिरवा. व्हिडिओ बघून मला तो थप् आवाज कधीच कळला नसता. जवळ तालीम असेल तर आत जायला संकोच करू नका. मला तिथे कुणी वय विचारलं नाही, फक्त चप्पल बाहेर काढायला सांगितली.

पोराने गेल्या महिन्यात स्वतःहून मागितला, म्हणून काताऱ्याकडे त्याच्यासाठी एक किलोचा टाकलाय. मी पाच किलोच्या मुद्गलाबद्दल वस्तादांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी माझा उजवा हात वर करून बघितला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दसरा होऊ दे, मग बघू."