दिवाण घ्यायचाय? मग टेप घेऊन जावा

बेळगावात दिवाण शोधूलालेल्यांसाठी लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा कामाचं काहीच मिळालं नाही, सगळीकडं नुसते फोटो आणि खाली 'सुपर क्वालिटी' एवढंच. निकाल आधीच सांगून टाकतो. जुना सागवानी, तिन्ही बाजूंनी केन (वेत) विणलेला दिवाण शहापूरकडच्या एका जुन्या सामानवाल्याकडनं घेतला, गादी नवीन करून घेतली, पाचातले चार स्टार. एक का कापला ते पुढं येतंयच.

दुकानात गेलं की सगळे कोरीवकाम बघतात, पॉलिशवर हात फिरवतात, फोटो काढतात. रुंदी कोण मोजत नाही. आणि सगळी गोम तिथंच आहे ओ. सोफ्याची बसायची जागा साधारण 20-22 इंच खोल असते म्हणून पाठ टेकते आणि पाय खाली राहतात. सिंगल बेड 36 इंच. दिवाण ह्या दोघांच्या मधला, 30 इंच तरी पाहिजे नाहीतर झोपलेला माणूस कूस बदलताना खाली येतोय. पण 30 वर तुम्ही बसला की पाठ भिंतीपर्यंत पोचत नाही, पोचवायची म्हटलं तर पाय वर घ्यायला लागतात. मागं 8 इंची लोड लावा, उरले 22, म्हणजे सोफा झाला. रात्री लोड काढून बाजूला ठेवा, पलंग झाला. आपल्याकडं जुन्या घरात सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, दिवाणावर लोड-तक्के असायचे ते सुम्म शोभेला नव्हते. शोरूमवाले लोड देतच नाहीत, चार चौकोनी उशा देतात, त्या घसरून पुढं येतात आणि पाव्हणा बिचारा चहाचा कप धरून ताठ बसतोय.

नेटवर बघाल तर मीस व्हॅन डर रोहे ह्या जर्मन आर्किटेक्टचा 1930 चा बार्सिलोना डेबेड सगळीकडं दिसतो, चामड्याची गादी, स्टीलचे पाय आणि एका टोकाला पट्ट्यानं बांधलेला एकच लोड. दिसायला एक नंबर. पण मागं पाठच नाही, म्हणजे आडवं पडून पुस्तक वाचायला चांगला, आणि आमच्याकडं संध्याकाळी चार माणसं येऊन बसतात त्यांनी काय करायचं? दुसरं एक फॅड म्हणजे 'चंडीगड स्टाइल'. पिएर जानरे ह्या स्विस आर्किटेक्टनं चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी सागवान आणि केनचं फर्निचर केलं, पुढं ते भंगारात लिलावात गेलं, परदेशात लाखांना विकायला लागलं, शेवटी 2011 साली केंद्राच्या गृहखात्याला विक्रीवर बंदी आणायला लागली. आता पाय जरा तिरके असले आणि केन असली की विकणारे लगेच ते नाव लावतात आणि रेट डबल करतात. नावाचे पैसे देऊ नका.

जुन्या दुकानाचं सांगतो. मालक माणूस गोड, मराठी-कन्नड मिसळून बोलणारा, आणि त्याच्याकडची प्रत्येक वस्तू कँपातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, साहेबाच्या बंगल्यातनं आलेली. माझा दिवाणपण 'ब्रिटिश टाइमचा' होता. मी खाली वाकून बॅटरी मारली तर कोपऱ्यात स्टार स्क्रू, डोक्यावर फुलीची खाच असलेला.

"मालक, ह्यो स्क्रू कुठल्या साहेबानं बसवला ओ?"

"रिपेरीत बसवला असंल की साहेब, माल जुनाच हाय!"

खोटं बोलला असं म्हणणार नाही, रिपेरीत बसवला असूही शकतो. पण स्टार स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत आला, आपल्याकडं त्याच्याही नंतर, त्यामुळं नुसत्या शब्दावर अँटिकचा रेट द्यायचा नाही. अँटिक म्हणजे शंभर वर्षं तरी झालेलं, त्याच्या अलीकडचं विंटेज. बाकी सांधे बघितले तर एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची कूस (कोरून काढलेलं टोक) बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली, हलवून बघितलं तर कुरकूर नाही. केन हातानं विणलेली. ते ओळखायला सोपं आहे, चौकटीला एकेक भोक असतं आणि वेत त्यातनं ओवलेला असतो. मशीनची तयार जाळी असली तर भोकं नसतात, कडेनं एक खाच असते आणि त्यात जाळी दाबून वरनं पट्टी ठोकलेली असते. मी साठ-सत्तरच्या दशकातला धरला, विंटेजच्या रेटवर अडून बसलो आणि चौदा हजारात तुटलं. ह्या मापाला ह्या सागवानात नवीन करून घ्यायला गेलात तर सुताराची नुसती मजुरी विचारून बघा.

नवीन मालात दोन प्रकार बघितले. खाली स्टोरेजवाला हायड्रॉलिक दिवाण, आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. आपल्या पावसात ते चालत नाही, खानापूर, जांबोटीकडं राहणाऱ्यांनी तर नावच काढू नये, फरशी पुसताना पाणी लागून लागून खालची कड फुगते आणि मग बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. घ्यायचाच तर 710 मार्काचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय आहे का ते बिलावर लिहून घ्या. दुसरा ऑनलाइन शीशमचा, तो खरंच बरा आहे, फक्त आजोबांच्या काळातली काळपट शिसवी समजून घेऊ नका, झाड वेगळं आहे, लाकूड फिकं असतं आणि वरनं रंग दिलेला असतो.

आता कापलेला स्टार. दुकानवाल्यानं धूळ न काढता वरनंच पॉलिश मारलं होतं, कोरलेल्या भागात सगळा चिखल बसल्यासारखा दिसत होता, ते घासून काढायला मलाच बसायला लागलं. आणि एका पायाला टाचणीएवढी भोकं होती, खाली पिवळा भुसा. जुनी भोकं असली तर काळजी नाही, पण ताजा भुसा पडत असला तर किडा आत जिवंत आहे. औषध सुईनं भरून घेतलं, पैसे मालकानं दिले नाहीत.

गादी करताना एक बघा. जुने दिवाण पातळ कापसाच्या गादीच्या हिशोबानं केलेले असतात. माझी चौकट 14 इंच उंच, वर 4 इंची गादी, म्हणजे 18, आईला उठता-बसता त्रास नाही. गादीवाला 6 इंची फोम गळ्यात मारूलालेला, ती घेतली असती तर आईचे पाय लोंबकळले असते आणि बाजूचा केनचा कठडा निम्मा गादीतच गेला असता. 40 डेन्सिटीचा 4 इंची फोम पुष्कळ झाला. गणपतीत चंदगडचे पाव्हणे आले, त्यातले एक काका ह्याच्यावरच झोपले, दणकट माणूस आहे, काय तक्रार नाही.

केन पुढं सैल पडली तर मागच्या बाजूनं कोमट पाण्याचं फडकं फिरवून सावलीत वाळू द्या, परत ताणते. फाटली तर मात्र अवघड, हातानं विणणारा माणूस लवकर मिळत नाही. घरात उड्या मारणारी पोरं असतील तर केनच्या नादाला लागू नका, साध्या पट्ट्यांचा सागवानी घ्या आणि वाचलेले पैसे गादीत आणि लोडात घाला.