ठाणे-वाशीतलं ‘पीआर पॅकेज’: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

नौपाड्यातल्या गोखले रोडपासून वाशी स्टेशनवरच्या ऑफिस-मजल्यांपर्यंत इमिग्रेशन कन्सल्टन्सीच्या पाट्या मोजाव्या तेवढ्या थोड्या. बहुतेकांकडे विकायला माल एकच, कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं, ‘ए टू झेड’ पॅकेज. फी सहसा तीन हप्त्यांत, अधिक 18 टक्के जीएसटी: नाव नोंदवताना पहिला, प्रोफाइल भरल्यावर दुसरा, अर्ज करण्याचं आमंत्रण आल्यावर तिसरा. हे परीक्षण एखाद्या ऑफिसचं नाही, त्या पॅकेजचं आहे. आमच्या मते पहिले दोन हप्ते जवळपास पाण्यात जातात. तिसऱ्या हप्त्यातलं काम पैसे देण्याजोगं आहे, पण ते करणाऱ्याकडे परवाना असेल तरच.

एक्सप्रेस एंट्रीचं, म्हणजे गुणांवर कुशल कामगार निवडण्याच्या योजनेचं, प्रोफाइल कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पासपोर्ट, आयईएलटीएस जनरलचा निकाल आणि पदवीचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, हाताशी असलं की एका बैठकीत उरकतं. ते पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, बारा महिने राहतं. ‘फाइल लावली’ म्हणून पेढे वाटण्यासारखं त्यात काही नाही, कारण पूलमध्ये जाणं म्हणजे अर्ज करणं नव्हे.

पूलमधला क्रम गुणांवर ठरतो. काउंटरवर सांगितला जाणारा हा स्कोअर स्वतः मांडून बघा. 29 वर्षांचा, अविवाहित, पदवीधर, आयईएलटीएसच्या चारही बँडना सीएलबी 9, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर नववी पातळी (लिसनिंग 8, बाकी तिन्ही 7) आणि भारतातला तीन वर्षांचा अनुभव असा उमेदवार घेऊ. वयाचे 110, पदवीचे 120, भाषेचे 124, शिक्षण-भाषा जोडीचे 25, अनुभव-भाषा जोडीचे 50. बेरीज 429. आता एकट्या रायटिंगमध्ये 7 ऐवजी 6.5 पडले असं धरा. भाषेचे 8 जातातच, शिवाय दोन्ही जोड्यांचे गुण निम्म्यावर येतात, म्हणजे आणखी 12 आणि 25. अर्ध्या बँडने 45 गुण गेले, उरले 384. मास्टर्स असेल तर हाच फटका 58 चा बसतो. तेव्हा ‘आत्ता फाइल टाकू, बँड नंतर बघू’ म्हणणारा तुमच्यापेक्षा हप्त्याची काळजी जास्त करतो. पहिल्या हप्त्याचे पैसे रायटिंगच्या शिकवणीला घाला, जास्त कामी येतील.

429 तरी पुरतात का? पूलमधून आमंत्रणं काढण्याच्या फेरीला ड्रॉ म्हणतात, आणि तिथल्या किमान गुणांना कटऑफ. 2024 मधल्या सर्वसाधारण ड्रॉचे कटऑफ 500 च्या वरच होते. 2023 पासून मात्र गटवार ड्रॉ निघतात: आरोग्यसेवा, कुशल कारागीर, फ्रेंच येणारे वगैरे. फ्रेंचचे कटऑफ बरेच खाली असतात, पण त्यासाठी टीईएफ किंवा टीसीएफ कॅनडा परीक्षेत चारही कौशल्यांत सातवी पातळी लागते, म्हणजे नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्षाचा अभ्यास. कॅनडातल्या एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, मिळाली तर थेट 600 गुण. सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा: माझी वाट कुठल्या ड्रॉची? उत्तर ‘कटऑफ खाली येईल, थांबा’ असं आलं तर चहा पिऊन उठा. तिशीपासून दर वाढदिवसाला वयाचे पाच-सहा गुण कमी होतात, चाळिशीनंतर त्याहून जास्त. थांबण्याची किंमत तुम्हीच मोजता.

पैसे वसूल होतात ते कागदांच्या कामात. आमंत्रण, म्हणजे आयटीए, आलं की 60 दिवसांत पूर्ण अर्ज जायला हवा, आणि आपल्याकडची फाइल अडते ती ठरावीक जागी. पहिली जागा नावाची. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईच्या चार कागदांवर चार नावं निघतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, गॅझेट किंवा ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र ईसीएच्या आधीच तयार ठेवावं. विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्टही त्याच वेळी मागवा.

दुसरी जागा अनुभवाच्या पत्राची. आपली एचआर पद आणि तारखा लिहून मोकळी होते. तिकडे कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार, सगळं लेटरहेडवर सहीनिशी लागतं. स्वस्तातली ऑफिसं सरकारी व्यवसाय-यादीतली कामं जशीच्या तशी पत्रात उतरवून देतात. अधिकाऱ्याला ती भाषा तोंडपाठ असते. एचआर नाहीच म्हणाली तर जुन्या मॅनेजरचं नोटरी केलेलं पत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म 16 आणि सोबत खुलाशाचं पत्र जोडावं.

तिसरी जागा पैशाची. निधीच्या पुराव्यात फ्लॅट धरत नाहीत, उसनवारीही चालत नाही. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि थकीत कर्ज असं सगळं हवं. काकांनी महिन्यापूर्वी टाकलेले दहा लाख गिफ्ट डीडशिवाय संशयास्पदच दिसतात. पोलीस क्लिअरन्स मात्र सोपं: पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर 500 रुपये भरून अपॉइंटमेंट घ्यायची आणि वागळे इस्टेटच्या केंद्रात जायचं. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने आखातात काढले असतील तर तिथलंही आणावं लागतं, आणि त्यालाच वेळ लागतो.

आता परवाना. कॅनडाच्या अर्जात पैसे घेऊन प्रतिनिधित्व करायचा हक्क आरसीआयसी, म्हणजे तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारांना, तिथल्या वकिलांना आणि क्यूबेकच्या नोटरींना आहे. आरसीआयसीचं नाव आणि क्रमांक त्यांच्या ‘कॉलेज’च्या, म्हणजे परवाना देणाऱ्या नियामक संस्थेच्या, सार्वजनिक नोंदवहीत दोन मिनिटांत तपासता येतो. भिंतीवर लावलेला आरए (रिक्रूटिंग एजंट) परवाना हा परदेशी नोकरभरतीचा, पीआरशी त्याचा संबंध नाही. प्रतिनिधीचा आयएमएम 5476 फॉर्म न भरता तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागत असतील तर ते पडद्यामागून काम करताहेत. खोटी माहिती गेली तर पाच वर्षांची बंदी तुमच्यावर येते, त्यांच्यावर नाही.

दोन गोष्टी कोणी विकायला आलं तर सरळ बाहेर पडा. ‘एलएमआयए जॉब ऑफर’, म्हणजे परदेशी कामगार घ्यायला कॅनडाच्या सरकारची मंजुरी असलेली नोकरीची ऑफर: ती विकत घेणं बेकायदा तर आहेच, शिवाय 25 मार्च 2025 पासून नोकरीच्या ऑफरचे गुणच काढून टाकलेत. दुसरी, अमेरिकेची ग्रीन कार्ड लॉटरी: भारतात जन्मलेल्यांना त्यात सहसा भागच घेता येत नाही. अमेरिकेत भावाने-बहिणीने अर्ज केला असेल तर एफ4 ची, म्हणजे भावंडांच्या ग्रीन कार्ड गटाची, रांग दीड-दोन दशकांची आहे. ती पुढे सरकवून देणारा कन्सल्टंट जन्माला यायचाय. ऑस्ट्रेलियाचं पॅकेज तुलनेने बरं, कारण स्किल असेसमेंटची कागदपत्रं खरोखर किचकट असतात. तिथल्या 189 व्हिसाला, म्हणजे गुणांवर मिळणाऱ्या पीआर व्हिसाला, 65 गुण ही किमान अट आहे, आमंत्रणाची हमी नव्हे.

सही करण्याआधी करारातलं परताव्याचं कलम वाचा. ‘प्रोफाइल सादर होताच सेवा पूर्ण’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडून घ्या, किंवा दुसरा हप्ता आयटीएला बांधून घ्या. पावती जीएसटी क्रमांकासह घ्या, रोख देऊ नका. पैसे अडकलेच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथे तोंडी दिलेलं आश्वासन सिद्ध करणं अवघड, म्हणून काउंटरवरचं प्रत्येक ‘नक्की होईल’ ईमेलवर लिहून मागा.