कोंबडीखाद्य आणि किंग लियर

मालेगावच्या एका प्राध्यापिकेचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या कॉलेज रोडला भाजी घेत होतो. "सर, माझा लेख तुमच्या जर्नलमध्ये आला, पण सर्टिफिकेटवर तारीखच नाहीये. प्रमोशनच्या फाइलला चालेल ना?" म्हटलं, मॅडम, आम्ही सर्टिफिकेट देतच नाही. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग हळूच, "पण सर, अडीच हजार भरलेत मी."

आमचं जर्नल म्हणजे इंग्रजी साहित्याच्या इतिहासाला वाहिलेलं षण्मासिक. दोनशे प्रती, सातपूरचा छापखाना. लेखकाचं नाव झाकून लेख दोन जाणकारांकडे पाठवायचा, त्यांच्या शेऱ्यांसाठी महिनोन् महिने थांबायचं, तळटिपा स्वतः तपासायच्या. खर्च वर्गणीतून, उरलेला आम्हा तिघा संपादकांच्या खिशातून. लेखकाकडून एक रुपया घेत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ घरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. "सर, जर्नल स्कोपसमध्ये घालून देतो. वेबसाइटही आम्हीच करू." पस्तीस हजार, निम्मे आगाऊ. स्कोपस म्हणजे संशोधन-नियतकालिकांची जगभर मानली जाणारी सूची, इंडेक्सिंग म्हणतात ते अशाच सूचीत नाव येणं. वास्तविक स्कोपसकडे अर्ज करायला पैसे लागत नाहीत. फॉर्म ऑनलाइन असतो, तो संपादकाने किंवा प्रकाशकानेच भरायचा, आणि निवड त्यांचं स्वतंत्र मंडळ करतं. मध्ये कुणी एजंट बसूच शकत नाही. हे मला अजिबात माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्या कॉलेजातली तरुण मंडळी "सर, इंडेक्सिंग आहे का?" विचारून लेख परत घेऊन जातात, ते मनाला लागलेलं होतं. लोभ मला पैशाचा नव्हता, नावाचा होता. त्याने तो बरोबर हेरला.

त्याने मागितलं काय? आयएसएसएनचं, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाचं, पत्र, मुखपृष्ठाची फाइल, सल्लागार मंडळाची यादी फोटोंसह, आणि "लेटरहेडसाठी" माझी स्कॅन केलेली सही. सगळं दिलं. वेबसाइट झाली, दिसायलाही छान होती. डोमेन मात्र त्याने स्वतःच्या नावावर घेतलं, आणि हे आम्ही विचारलंच नाही. सतरा हजार पाचशे गेले, फोन लागेना, आणि आम्ही "जाऊ दे, धडा मिळाला" म्हणून गप्प बसलो. ती दुसरी चूक.

मॅडमच्या फोननंतर ती वेबसाइट नीट उघडून पाहिली. वर आमचं नाव, आमचा आयएसएसएन नंबर, माझा फोटो. खाली चालू अंक, एकशे बारा लेख. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातली प्रथिनं. जीएसटी आणि किराणा दुकानदार. चोपन्नाव्या नंबरला मॅडमचा लेख, किंग लियरवरचा. नाटककार नहम टेटने १६८१ मध्ये शेक्सपिअरच्या या शोकांतिकेचा शेवट गोड केला, लियरच्या मुलीला, कॉर्डेलियाला जिवंत ठेवलं, म्हाताऱ्याला राज्य परत दिलं, आणि इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षं तेच चाललं. मॅक्रेडी या नटाने १८३८ मध्ये शेक्सपिअरचा लियर, टेटने गाळलेल्या विदूषकासकट, परत आणला. कुसुमाग्रजांच्या गावात असा लेख हाती यावा म्हणून आम्ही डोळे लावून बसलेलो, आणि तो आमच्याच नावाखाली कोंबडीखाद्याशेजारी!

तर लेख पाठवणाऱ्यांनो, आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. आठ आकडी नंबर तो, भारतात दिल्लीहून फुकट मिळतो. गाडीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी कोणती ते कळतं, चांगली की खटारा ते नाही, आणि दुसऱ्याची प्लेट लावून फिरणारेही असतात. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला नंबर वेगवेगळे लागतात. आयएसएसएनच्या पोर्टलवर आमच्या नंबरापुढे स्पष्ट 'छापील' आहे. ऑनलाइन अंक काढणाऱ्याकडे तो कसा, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. आणि संपादकाचा फोन नंबर वेबसाइटवरून घेऊ नका. वाचनालयात जुना अंक असतो, त्यावरून किंवा कॉलेजात विचारून घ्या. आठ दिवसांत "लेख स्वीकारला" असं कळवणाऱ्याने तो वाचलेला नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य जर्नल्सची केअर यादीही बंद केली, तेव्हा ही तपासणी आता ज्याची त्यालाच करावी लागणार.

संपादकांना एकच सांगतो. डोमेन आपल्या नावावर, पासवर्ड आपल्याकडे, सही कुणालाही नाही.

सायबर पोलिसांत तक्रार दिली. मॅडमनी पैसे भरून दोन महिने झाले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येते, इतक्या उशिरा अवघड. मंडळातल्या सगळ्यांना पत्रं पाठवली, छापील अंकाच्या पहिल्या पानावर चौकट टाकली. मॅडमचा लेख रीतसर परीक्षकांकडे गेला. दोघांनीही दुरुस्त्या सुचवल्या, मॅडम त्या करताहेत.

आमचं यंदा नववं वर्ष. त्या वेबसाइटवर परवा चौदावा खंड निघाला.