हत्यारांचे सच्छिद्र पॅनेल आणि स्लॉटेड अँगलचा रॅक: एका पावसाळ्यानंतर

आमच्या पुण्यातील घराच्या गॅरेजमध्ये अनेक वर्षे गाडी सोडून बाकी सर्व काही होते, आणि गाडी मात्र बाहेर गुलमोहराखाली पक्ष्यांचा प्रसाद झेलत उभी असे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत हे बदलायचे ठरवून मी दोन वस्तू विकत घेतल्या. एक म्हणजे हत्यारे टांगण्यासाठी चार फूट बाय दोन फूट मापाची, पावडर कोटिंग केलेली पत्र्याची दोन सच्छिद्र पॅनेले, जी ऑनलाइन मागवली. आणि दुसरी म्हणजे पाच फळ्यांचा स्लॉटेड अँगलचा रॅक, जो रविवार पेठेतून आणला.

खरेदीपूर्वीचे काम अधिक वेळखाऊ निघाले. मी भोसरीत नोकरी करतो, आणि तिकडच्या लहानमोठ्या कारखान्यांत 'फाइव्ह एस'चे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचे, तक्ते भिंतीवर लागलेले असतातच. त्यांत सेइरी, म्हणजे नको ते वेगळे काढणे, पहिले येते आणि सेइतोन, म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा ठरवणे, त्यानंतर. घरी मात्र आपण आधी रॅक आणतो आणि मग त्यात जुनाच पसारा उभा रचतो. वाळून दगड झालेले रंगाचे डबे, कुलपे हरवलेल्या किल्ल्या, केव्हाच विकलेल्या चेतकचा प्लग-पाना असे एकेक बाहेर निघू लागले. आई खुर्ची टाकून बसली होती. "अरे, ती स्टोव्हची पिन राहू दे, लागते कधीतरी," असे ती म्हणाली, तेव्हा घरात स्टोव्ह नाही हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. पिन राहिली, बाकीचे दोन पोती लोखंड भंगारवाल्याने नेले.

रॅकबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. लंडनमध्ये छापखाना चालवणाऱ्या डिमिट्रियस कॉमिनो यांनी १९४७ मध्ये डेक्सियन या नावाने आणलेली ही भोके पाडलेल्या अँगलची कल्पना आजही तशीच चालते: नट-बोल्ट सैल करा, फळी हव्या त्या उंचीवर सरकवा. मी खालचा कप्पा स्टेपनी उभी मावेल इतका उंच ठेवला. मात्र उभे अँगल १४ गेजचे, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाडीचेच घ्यावेत आणि कोपऱ्यांत बसवायचे पत्र्याचे त्रिकोणी तुकडे न विसरता मागून घ्यावेत; ते नसले की रॅक पत्त्यांच्या बंगल्यासारखा डुलतो. पत्र्याच्या कडा बोट कापतात, म्हणून जोडणी हातमोजे घालूनच करावी.

पॅनेलची गोष्ट वेगळी आहे. विक्रेत्याने जाडी १.२ मिलिमीटर लिहिली होती. व्हर्नियर लावून मोजली तर ती रंगासकट जेमतेम ०.९ भरली. विचारणा केल्यावर "सर, चालतं तेवढं" असे उत्तर आले. त्याहून मोठी चूक रचनेत आहे. हुकाची वाकडी शेपटी छिद्रातून आत जाऊन वर वळण्यासाठी पॅनेलमागे मोकळी जागा लागते, आणि हे पॅनेल भिंतीला सपाट चिकटते. सुताराकडून चार सुतांच्या, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या, लाकडी पट्ट्या कापून आणल्या आणि त्या मागे दिल्या, तेव्हा कुठे हुक बसू लागले. सोबत आलेले सहा मिलिमीटरचे रावळप्लग आमच्या जुन्या विटांच्या भिंतीत नुसतेच गोल फिरत राहिले. शेवटी आठ मिलिमीटरचे प्लग आणि दोन इंची स्क्रू वापरले.

एवढे केल्यावर मात्र पॅनेलने पैसे वसूल केले, हे मान्य करावे लागेल. वडिलांचा ६-७ पासून २०-२२ मिलिमीटरपर्यंतचा दुतोंडी पान्यांचा संच पूर्वी गोणपाटात गुंडाळलेला असे आणि हवा तो पाना नेहमी तळाशी सापडे. आता ते आठही पाने उतरत्या क्रमाने टांगलेले आहेत, आणि प्रत्येकाभोवती काळ्या मार्करने त्याची आकृती काढल्यामुळे कोणता जागेवर नाही ते दारातूनच कळते. पाना उचलताना त्याच्यासोबत हुकही हातात येत असे. प्रत्येक हुकाच्या मानेवरून शेजारच्या छिद्रात केबल टाय ओवल्यावर तेही थांबले. पक्कड, कानस, पटाशी, ओळंबा यांच्यासाठी हे हुक उत्तम आहेत. ड्रिल मशीन आणि मोठा हातोडा यांची जागा रॅकवरच.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. ऑगस्टपर्यंत हुकांच्या जस्ताच्या मुलाम्यावर पांढरी भुकटी धरली, आणि स्क्रू आवळताना जिथे पॅनेलचा रंग खरवडला गेला होता तिथे तांबूस गंजाची कडी उमटली. तेवढ्या जागी प्रायमरचा हात मारला. पान्यांना आधीच मशीन ऑइलचे फडके फिरवलेले असल्यामुळे ते कोरडे राहिले.

पॅनेलसोबत घेतलेले प्लास्टिकचे लहान खण निरुपयोगी ठरले. खिळे भरताच त्यांचा तळ फुगतो आणि ते बाहेर ओढता येत नाहीत. त्यापेक्षा हॉर्लिक्सच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या बऱ्या, आत वायसर आहेत की चुका, म्हणजे बारीक खिळे, हे निदान दिसते.

दोन पॅनेले आणि चाळीस हुक यांना मिळून सुमारे चार हजार रुपये पडले. तिसरे पॅनेल मी घेणार आहे, परंतु दुकानात जाऊन, व्हर्नियर खिशात ठेवून.