कढईतलं तेल तपासायचं कशाने: नजर, स्ट्रिप की मीटर?

तळणाचं तेल कधी टाकायचं हे वडापावच्या गाड्यांवर आणि फरसाणाच्या भट्ट्यांवर आजही बहुतेक वेळा आचारीच ठरवतो. तेल काळं पडलं, फेस बसेना, वडे सोडायच्या आधीच धूर यायला लागला की तेल गेलं. ही नजर मोलाची आहे, पण कायदा रंग बघत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडताना त्यात वाढत जाणारे घटक), म्हणजे टीपीसी, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. तेव्हा कुठलंही साधन घेताना पहिला प्रश्न हाच की ते टीपीसी मोजतं का.

नजर ती मोजत नाही. बेसनाचा चुरा, हळद, तिखट यांनी तेल लवकर काळवंडतं. मिरची भजीची कढई दुपारीच काळी दिसते आणि तेल अजून चांगलं असू शकतं. उलट बटाट्याचे वेफर्स तळणाऱ्याचं तेल बराच काळ सोनेरी राहतं, आणि तिथेच फसगत होते. शिवाय रोज थोडं ताजं तेल वर ओतत राहिलं की रंग सुधारतो, जुना भाग मात्र कढईतच राहतो. म्हणून माझं मत असं: आचारी ‘टाका’ म्हणाला तर टाकावं, पण तो ‘चालेल’ म्हणाला म्हणून ठेवू नये.

कागदी स्ट्रिप स्वस्त पडते आणि वापरायला सोपी असते. गरम तेलात बुडवायची, थोडं थांबायचं, निळे पट्टे किती पिवळे झाले ते बघायचं. पण नेहमीच्या स्ट्रिप मुक्त फॅटी आम्लं मोजतात. बटाटा, भिजवलेली डाळ, मासे यांच्यातल्या पाण्याने तेल फुटतं तेव्हा ही आम्लं वाढतात. हवा आणि सततची आच यांनी तेल बिघडून चिकट होतं, त्याचा अंदाज स्ट्रिप नीट देत नाही. म्हणजे स्ट्रिपवर पास झालेलं तेल टीपीसीत नापास होऊ शकतं. काहीच न तपासण्यापेक्षा स्ट्रिप नक्कीच बरी. एका कढईच्या गाडीला सुरुवात म्हणून ती जरूर घ्यावी, फक्त तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे तिला पुरावा समजू नये.

हातात धरायचा मीटर थेट टीपीसीचा टक्का दाखवतो. तेल बिघडलं की त्याची ध्रुवीयता वाढते, आणि टोकाचा सेन्सर विद्युत गुणधर्मातला तो बदल टिपतो. टेस्टो २७० हे यातलं ओळखीचं नाव; त्याचा पडदा हिरवा, पिवळा, लाल होतो, त्यामुळे न वाचता येणाऱ्या कारागिरालाही कळतं. मात्र मीटरला शिस्त लागते. घाणा काढल्या काढल्या बुडवला तर तेलातल्या पाण्यामुळे आकडा चुकतो. बुडबुडे थांबेपर्यंत पाचेक मिनिटं द्यावीत. सेन्सर कढईच्या काठाला किंवा तळाला लागू देऊ नये. इंडक्शनवर तळत असाल तर ते आधी बंद करावं. दर मोजणीनंतर टोक पुसून घ्यावं आणि अधूनमधून टीपीसी आधीच माहीत असलेल्या संदर्भ तेलात बुडवून मीटर खरं बोलतोय का ते पाहावं. आकड्यात दोन टक्क्यांचा फरक गृहीत धरावा लागतो, म्हणून २५ ची वाट बघणं धोक्याचं. २२ दिसलं की त्या कढईचं तेल बदलायचं, असा नियम मी सुचवेन.

किंमत हजारोंत जाते, हे खरं. पण दोन-तीन कढया रोज चालतात तिथे मीटर दुहेरी कामाचा: खराब तेल थांबतं, आणि केवळ काळं दिसतं म्हणून चांगलं तेल फेकलं जात नाही. तेलाच्या डब्याचा आजचा भाव बघता दुसरा फायदाही छोटा नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल सगळ्यांत भक्कम. तिथे तेल सिलिकाच्या स्तंभातून सोडून ध्रुवीय भाग वेगळा करून वजन करतात. रोजच्या कामाला हे जमणार नाही. मीटरची पडताळणी करायला किंवा वाद झाला तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा गाठावी.

रोज ५० लिटरपेक्षा जास्त तळणाचं तेल लागत असेल, म्हणजे १५ लिटरचे तीनहून जास्त डबे, तर माझ्या मते मीटरला पर्याय नाही. अशा व्यवसायांना मार्च २०१९ पासून तेलाची नोंद ठेवणं आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच देणं बंधनकारक आहे; ते पुढे बायोडिझेलसाठी जातं. ते तेल रस्त्यावरच्या कुणा स्वस्तात मागणाऱ्याला विकलं, तर ते पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत पडतं आणि शाळेतून सुटलेली मुलं तेच खातात. मीटरचा आकडा, तारीख, कढई आणि किती लिटर तेल दिलं, हे चार रकाने एकाच वहीत ठेवले की दोन्ही कामं भागतात.